खडा खरा आहे, पण त्याला काय केलंय? रत्नांच्या ट्रीटमेंटवर तुमचे प्रश्न

गेल्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की लॅबच्या रिपोर्टवर "हीटेड", म्हणजे तापवलेला, असं लिहिलेला खडा नकली नसतो. त्या एका वाक्यावर इतके मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम ट्रीटमेंटलाच देतेय, म्हणजे खडा जास्त सुंदर दिसावा म्हणून जमिनीतून काढल्यावर त्याला जे काही करतात त्याला. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, नावं काढलीत, बाकी तुमचे शब्द बहुतेक तसेच ठेवलेत.

प्रश्न: ताई, मी नीलमची अंगठी घेतली. दुकानात सांगितलं शंभर टक्के नॅचरल. नंतर मनात आलं म्हणून स्वतःच लॅबमध्ये पाठवली तर रिपोर्टवर वर लिहिलंय नॅचरल सफायर आणि खाली कमेंटमध्ये लिहिलंय "इंडिकेशन्स ऑफ हीटिंग". मग नेमकं खरं काय? फसवलं का मला?

उत्तर: दोन्ही खरं आहे. नॅचरल म्हणजे खडा जमिनीत तयार झाला, लॅबमध्ये बनवलेला नाही, एवढंच. जमिनीतून काढल्यावर त्याला काही केलं की नाही हा वेगळा प्रश्न, आणि बहुतेक गिऱ्हाईकं तो विचारतच नाहीत, त्यामुळे दुकानदारही आपणहून सांगत नाही. तुम्ही "नॅचरल आहे का" विचारलं, त्यांनी हो सांगितलं. "अनहीटेड आहे का" असं विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं, निदान यायला हवं होतं.

आता हीट म्हणजे काय ते समजून घ्या म्हणजे धास्ती कमी होईल. नीलम आणि माणिक ही दोन्ही एकाच खनिजाची रूपं, कोरंडम, म्हणजे मूळ अॅल्युमिनियम ऑक्साइड. त्यात क्रोमियम असेल तर लाल, लोखंड आणि टायटॅनियम जोडीने असतील तर निळा. पुष्कळ नीलमांमध्ये हे टायटॅनियम रुटाइल नावाच्या खनिजाच्या बारीक बारीक सुयांच्या रूपात अडकून पडलेलं असतं, या सुयांना ट्रेडमध्ये सिल्क म्हणतात, आणि त्यामुळे खडा दुधाळ दिसतो. भट्टीत साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर नेलं की या सुया विरघळतात, टायटॅनियम कोरंडममध्ये मिसळतं, लोखंडाशी जोडी जमते आणि खडा निळा आणि स्वच्छ होतो. श्रीलंकेत असे दुधाळ खडे, ज्यांना तिथे गेउडा म्हणतात, एकेकाळी कोणी फारसे विचारत नव्हतं. १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते स्वस्तात उचलून तापवायला सुरुवात केली आणि त्यातून सुंदर निळे नीलम निघाले. आज बाजारातले बहुतेक नीलम आणि माणिक तापवलेलेच असतात. आणि ही काही आजची युक्ती नाही, अल बिरुनी नावाच्या विद्वानाने अकराव्या शतकात माणिक तापवून त्यातले काळपट डाग घालवण्याबद्दल लिहून ठेवलंय.

हा रंग कायमचा असतो. उन्हात उडत नाही, पाण्याने जात नाही, अंगठी रोज घातली तरी काही होत नाही. म्हणून मी हीटिंगला फसवणूक मानत नाही. फसवणूक तेव्हा होते जेव्हा तापवलेला खडा न तापवलेल्याच्या भावात विकला जातो, कारण न तापवता मुळातच सुंदर असलेला खडा दुर्मिळ असतो आणि त्याचा भाव कितीतरी पटींनी वर जाऊ शकतो. म्हणजे तुमचा खरा प्रश्न हा की तुम्ही कुठल्या भावात घेतला आणि बिलावर काय लिहिलंय. बिलावर "अनहीटेड" किंवा "अनट्रीटेड" लिहिलेलं असेल तर रिपोर्ट घेऊन आजच दुकानात जा, तुमची बाजू भक्कम आहे. नुसतं "नॅचरल" लिहिलं असेल आणि भाव तापवलेल्या खड्याचा असेल तर तुम्हाला चांगला नीलम मिळालाय, आनंदाने घाला.

प्रश्न: लॅबवाल्यांना कळतं कसं पण? तापवताना कोणी पाहिलेलं तर नसतं.

उत्तर: खड्याच्या आतच सगळं नोंदलेलं राहतं. मायक्रोस्कोपखाली त्या सिल्कच्या सुया अखंड, टोकदार दिसल्या तर जास्त तापमानाला नेलेला नाही. सुया तुटून ठिपक्यांची रांग झाली असेल तर तापवलाय. आत दुसऱ्या खनिजाचा एखादा कण असेल तर तो उष्णतेने फुगतो आणि त्याच्याभोवती गोल चकतीसारखी चीर पडते, ती पण मोठी खूण. शिवाय इन्फ्रारेड किरणांनी तपासून काही सिग्नल बघतात. पण १००० अंशांच्या खालची हलकी हीट, जी आजकाल काही माणकांना आणि गुलाबी नीलमांना देतात, ती पकडणं मोठ्या लॅबलाही अवघड जातं. म्हणून रिपोर्टवर "नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग" असे शब्द असतात, म्हणजे तापवल्याची खूण सापडली नाही. लॅब जेवढं दिसलं तेवढंच लिहिते, आणि मला ते बरोबर वाटतं.

प्रश्न: कुठल्या खड्यांना ट्रीटमेंट असतेच असं धरून चालायचं? प्रत्येक वेळी विचारायला संकोच वाटतो.

उत्तर: संकोच सोडा, तुमचे पैसे आहेत. पण साधारण अंदाज देते. टांझानाइट जवळपास सगळेच तापवलेले असतात. हा खडा १९६७ मध्ये टांझानियात मेरेलानीच्या डोंगरात सापडला, मूळचा बहुतेक तपकिरी छटेचा असतो, पाचसहाशे अंशांना तापवला की तपकिरी जाऊन निळा जांभळा उरतो. अॅक्वामरीनमधली हिरवट झाक हीटनेच काढतात. बाजारातलं बहुतेक सिट्रिन हे तापवलेलं अॅमेथिस्ट. निळा झिरकॉन तापवलेला. निळा टोपाझ रेडिएशन दिलेला, त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे. पाचूला तेल असतंच असं धरा. उलट गार्नेट, पेरिडॉट, स्पिनेल, क्रायसोबेरिल यांना सहसा काही केलेलं नसतं, अपवाद आहेत पण कमी. ज्यांना ट्रीटमेंट हा विषयच नको वाटतो त्यांना मी नेहमी स्पिनेल बघायला सांगते, लाल स्पिनेल इतका देखणा असतो की राजेरजवाड्यांच्या खजिन्यात तो शतकानुशतकं माणिक म्हणून मिरवला, ब्रिटिश राजमुकुटातलं "ब्लॅक प्रिन्सचं माणिक" म्हणतात तो सुद्धा स्पिनेलच आहे.

प्रश्न: नमस्कार. मी ऑनलाइन एक माणिकाची अंगठी घेतली, मोठा खडा, मस्त लाल, किंमत खूपच कमी वाटली पण सेल होता म्हणून घेतली. अंगठी सैल होत होती म्हणून आमच्या नेहमीच्या सोनाराकडे साईज कमी करायला दिली. परत आली तेव्हा खड्यावर पांढुरके डाग आणि जाळ्यासारख्या रेघा. सोनार म्हणतो माझी चूक नाही खडाच तसला आहे. आमच्या घरात यावरून भांडण चालू आहे. चूक कोणाची?

उत्तर: फोटो पाठवलात ते बरं केलंत. फोटोवरून शंभर टक्के सांगता येत नाही पण मला जवळजवळ खात्री आहे की हा लेड ग्लास भरलेला माणिक आहे, आणि सगळ्यात जास्त लोक सध्या इथेच फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात कोरंडमचा अगदी खालच्या दर्जाचा माल घेतात, अपारदर्शक, चिरांनी भरलेला, ज्याला कोणी पैलू पाडायच्या लायकीचा मानणार नाही असा. तो आधी अॅसिडने धुऊन चिरांमधली घाण काढतात. मग शिसं असलेल्या काचेची पूड लावून भट्टीत ठेवतात, काच वितळते आणि सगळ्या चिरांमध्ये शिरते. शिसं का, तर शिशामुळे काच प्रकाश जवळपास माणकाइतकाच वळवते, त्यामुळे चिरा डोळ्यांना दिसेनाशा होतात आणि तो दगड एकदम पारदर्शक, लालभडक होतो. हा माल २००४ च्या सुमारास बाजारात यायला लागला, सुरुवातीचा पुष्कळसा कच्चा दगड मादागास्करचा होता. काही खड्यांमध्ये काच इतकी असते की ती काढून टाकली तर खड्याचे तुकडे होतील.

आता टिकाऊपणाचं बघा. कडकपणाच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर माणिक ९, हिऱ्याच्या खालोखाल. काच ५ च्या आसपास. माणिक सोनाराच्या ज्योतीला सहसा दाद देत नाही, पण ही काच कमी तापमानाला वितळते. सोन्याचं काम झाल्यावर दागिना ज्या अॅसिडमध्ये बुडवून साफ करतात त्या अॅसिडने ही काच खाल्ली जाते. एवढंच कशाला, लिंबाचा रस, ब्लीच, ड्रेनेज साफ करायचं लिक्विड यांनी सुद्धा काच खराब होते. तुमच्या खड्यावरच्या पांढुरक्या रेघा म्हणजे जिथून काच निघून गेली किंवा खराब झाली त्या चिरा. आता त्या परत पहिल्यासारख्या होणं अवघड आहे.

चूक कोणाची विचाराल तर माझ्या मते मोठी चूक विकणाऱ्याची, कारण त्याने ही गोष्ट सांगायलाच हवी होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये दागिन्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली तेव्हा स्पष्ट म्हटलं की अशा काच भरलेल्या खड्याला नुसतं "रुबी" म्हणून विकणं दिशाभूल करणारं आहे, काच भरलीय हे सोबत सांगायलाच पाहिजे. लॅबमध्ये याला कंपोझिट रुबी किंवा माणिक काच मिश्रण अशा नावाने रिपोर्ट मिळतो. सोनाराबद्दल म्हणाल तर, काम घेण्याआधी भिंगातून बघून "ताई हा काचवाला दिसतोय, खडा काढून काम करू का" असं विचारणारा सोनार चांगला, पण कोंदणात बसवलेला खडा बघून प्रत्येकालाच ओळखता येईल असं नाही. घरातलं भांडण थांबवा आणि विक्रेत्याला लेखी विचारा की हा खडा काच भरलेला आहे का. तुमच्या ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट, तिथलं वर्णन, सगळं जपून ठेवा. वर्णनात नुसतं "नॅचरल रुबी" असेल तर परताव्यासाठी तेच कामाला येणार आहे.

एक गोष्ट यात मिसळू देऊ नका. तापवताना बोरॅक्ससारखं फ्लक्स, म्हणजे चिरा भरून यायला मदत करणारं रसायन, वापरलेले माणिक असतात, म्यानमारमधल्या मोंग सूच्या खाणीचे माणिक १९९० च्या दशकात असेच आले. तिथे चीर भरून निघते ती बरीचशी कोरंडमनेच, आत थोडा काचेसारखा अंश उरतो आणि रिपोर्टवर तो किती आहे ते लिहिलेलं असतं. ते खडे बरेच दणकट असतात. लेड ग्लासवाला प्रकार पूर्णपणे वेगळा.

प्रश्न: मी पाचूचं पेंडंट बघून आले. दुकानदार स्वतःहून म्हणाला की यात तेल आहे. माझे मिस्टर म्हणतात तेल लावलेला खडा कशाला घ्यायचा. मला तर तो दुकानदार प्रामाणिक वाटला. काय करू?

उत्तर: तुमचं बरोबर आहे, जो आपणहून सांगतो त्याच्याकडून घ्यायला मला जास्त आवडतं. मिस्टरांना सांगा की चिरा नसलेला पाचू शोधायला गेलो तर आयुष्य जाईल. पाचू तयार होतानाच त्यात चिरा आणि इतर खनिजांचे कण अडकतात, फ्रेंचमध्ये त्याला ट्रेडवाले जार्दँ म्हणजे बाग म्हणतात. पृष्ठभागापर्यंत आलेल्या चिरेत हवा असते आणि हवेमुळे ती चमकून दिसते. खरखरीत काचेवर पाणी पडलं की पलीकडचं दिसायला लागतं तसंच इथे होतं, चिरेत तेल गेलं की ती लपते. पाचूचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, म्हणजे तो प्रकाश किती वळवतो त्याचं माप, १.५७ ते १.५८ च्या आसपास आणि सीडर झाडाच्या तेलाचा साधारण १.५१, म्हणजे जवळ आहे पण बरोबर तेवढा नाही, म्हणून तेलाने चीर पुसट होते, पूर्ण नाहीशी होत नाही. काही कृत्रिम रेझिनं, म्हणजे प्लास्टिकसारखे चिकट पदार्थ, याहून जवळ जातात आणि चीर जास्त चांगली लपवतात, पण त्यातली काही जुनी रेझिनं काही वर्षांनी पिवळट पडतात, आणि तेलापेक्षा काढायला त्रासदायक असतात. मला विचाराल तर तेल बरं. वाळलं तर खडा साफ करून पुन्हा भरता येतो.

तेल आहे की नाही यापेक्षा किती आहे हे विचारा. चांगल्या लॅबच्या रिपोर्टवर त्याचं प्रमाण लिहिलेलं असतं, मायनर, मॉडरेट, सिग्निफिकंट असं. मायनर असेल तर निवांत घ्या. सिग्निफिकंट म्हणजे हा खडा तेल काढलं तर ओळखू येणार नाही इतका वेगळा दिसेल, त्याचा भाव तसाच कमी हवा. आणि एक महत्त्वाचं, तेल रंगीत आहे का ते विचारा. हिरवा रंग घातलेलं तेल म्हणजे रंग दिलेला खडा, तो मी घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. भिंगातून बघताना हिरवा रंग फक्त चिरांमध्ये गोळा झालेला आणि मधला भाग फिका दिसला तर समजा.

घेतल्यावर फक्त एवढं सांभाळा, अल्ट्रासोनिक मशीनमध्ये किंवा स्टीमने कधी साफ करायला देऊ नका, तेल बाहेर येतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, बस.

प्रश्न: निळा टोपाझ रेडिएशन देऊन करतात असं वाचलं. मी सध्या प्रेग्नंट आहे आणि माझ्या कानात रोज तेच टॉप्स असतात. काढून ठेवू का? खूप टेन्शन आलंय.

उत्तर: टेन्शन घेऊ नका, ठरलेल्या वाटेने बाजारात आलेल्या निळ्या टोपाझपासून काळजीचं कारण नाही. नीट सांगते. निसर्गात टोपाझ बहुतेक रंगहीन मिळतो, निळा क्वचित आणि तोही फिका. रंगहीन टोपाझवर रेडिएशन टाकतात, त्याने खड्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते, आणि मग हलकं तापवलं की निळा रंग बसतो. रेडिएशन तीन प्रकारचं वापरतात. गॅमा किरणांनी खड्यात काहीही रेडिओअॅक्टिव्ह राहत नाही. जास्त शक्तीच्या इलेक्ट्रॉनने कधी थोडं राहू शकतं. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनने मात्र, ज्यातून तो गडद "लंडन ब्लू" रंग येतो, खड्यातले काही अंश काही काळ रेडिओअॅक्टिव्ह होतात, म्हणून ते खडे पातळी सुरक्षित मर्यादेच्या खाली येईपर्यंत साठवून ठेवावे लागतात, कधी काही महिने कधी त्याहून जास्त. अमेरिकेत न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनच्या लायसन्सशिवाय असे खडे पहिल्यांदा बाजारात आणता येत नाहीत. तरीही मन मानत नसेल तर काढून ठेवा, मनःशांतीही महत्त्वाची आहे, पण गरज म्हणून नाही.

रेडिएशनची भीती अगदीच निराधार नव्हती हेही सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश शास्त्रज्ञ सर विल्यम क्रुक्स यांनी हिरे रेडियमच्या सान्निध्यात ठेवले, ते हिरवे झाले, आणि ते हिरे आजही रेडिओअॅक्टिव्ह आहेत. आज दागिन्यांसाठी ती पद्धत कोणी वापरत नाही.

रेडिएशनने रंग दिलेला प्रत्येक खडा मात्र टोपाझसारखा पक्का नसतो. रेडिएशनने पिवळा केलेला नीलम, म्हणजे पुष्कराज म्हणून विकला जातो तो, उन्हात रंग सोडतो. माशीशे (Maxixe) नावाचा गडद निळा बेरिलही, म्हणजे पाचू आणि अॅक्वामरीन ज्या खनिजाचे त्याचाच खडा, तसाच. म्हणून पुष्कराज घेताना रंग हीटचा आहे की रेडिएशनचा हे विचारून घ्या.

प्रश्न: मला पदपराड्शा नीलम हवा आहे, गुलाबी नारिंगी. एक मिळतोय, रिपोर्टवर फक्त हीटेड आहे. घेऊ का?

उत्तर: थांबा. या रंगात नुसतं "हीटेड" पुरेसं नाही. २००१ च्या शेवटी शेवटी बाजारात अचानक सुंदर गुलाबी नारिंगी नीलम भरपूर यायला लागले, थायलंडमध्ये तयार होणारे, आणि सगळ्यांना प्रश्न पडला की एवढे आले कुठून. २००२ मध्ये उलगडा झाला, क्रायसोबेरिलबरोबर, ज्यात बेरिलियम असतं, ते खूप जास्त तापमानाला ठेवले जात होते आणि बेरिलियम खड्याच्या आत शिरून रंग बदलत होतं. त्याआधी टायटॅनियमचं डिफ्यूजन, म्हणजे तापवून बाहेरून रंगाचं द्रव्य खड्यात शिरवणं, माहीत होतं पण तो रंग कातडीपुरता असायचा, योग्य द्रवात बुडवून बघितलं की पैलूंच्या कडांवर गोळा झालेला दिसायचा आणि पुन्हा पॉलिश केलं की जायचा. बेरिलियम हलकं, ते खोल जातं, कधीकधी पार आरपार. नेहमीच्या एक्सरे मशीनला ते दिसत नाही, त्यासाठी लेझरने अगदी सूक्ष्म कण उडवून तपासायचं महागडं मशीन लागतं जे थोड्याच लॅबकडे आहे. म्हणून त्या लॅबला लिहून विचारा की बेरिलियमची तपासणी झाली आहे का. झाली नसेल तर करून घेतल्याशिवाय या रंगाला पैसे टाकू नका. बेरिलियमवाला खडा टिकाऊ असतो, घालायला काहीच वाईट नाही, पण त्याचा भाव नैसर्गिक रंगाच्या पदपराड्शाच्या जवळपासही नसतो.

प्रश्न: हिऱ्यांना पण असं काही करतात का?

उत्तर: करतात. काळ्या ठिपक्यापर्यंत लेझरने बारीक भोक पाडून तो अॅसिडने घालवतात, हे कायमचं असतं. चिरेत काचेसारखा पदार्थ भरतात, हे १९८० च्या दशकापासून चालू आहे आणि हे कायमचं नसतं, दुरुस्तीच्या वेळी ज्योतीने खराब होतं, म्हणून जीआयए ही अमेरिकेतली मोठी रत्न लॅब अशा हिऱ्यांना ग्रेडिंग रिपोर्ट देतच नाही. "क्लॅरिटी एन्हान्स्ड" हा शब्द दिसला की विचारा, लेझर की फिलिंग. आणि प्रचंड दाब आणि उष्णतेने तपकिरी हिरा रंगहीन करतात, १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने हे जाहीर केलं तेव्हा ट्रेडमध्ये खूप खळबळ झाली होती. तो बदल कायमचा आहे पण ओळखायला मोठी लॅबच लागते. लॅबमध्ये बनवलेला हिरा हा वेगळा विषय आहे, तो ट्रीटमेंटमध्ये मोडत नाही, त्यावर पुढे कधीतरी.

प्रश्न: बिलावर नेमकं काय लिहून घ्यायचं? दुकानात गेल्यावर काहीच सुचत नाही.

उत्तर: तीन गोष्टी विचारा. केलेली ट्रीटमेंट कायमची आहे का, तिच्यामुळे काही वेगळी काळजी घ्यावी लागते का, आणि तिच्यामुळे किमतीत मोठा फरक पडतो का. मी वर ज्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख केला त्यातही साधारण याच तीन कसोट्यांवर ट्रीटमेंट सांगायला लावतात. मग उत्तर बिलावर लिहून घ्या, खड्याचं नाव, कॅरेटमध्ये वजन, नॅचरल की लॅबमध्ये बनवलेला, आणि ट्रीटमेंट काय. "तोंडी सांगितलंय ना" हे चालत नाही, जो लिहून द्यायला कचरतो त्याच्याकडून महागाचा खडा घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

मोठी खरेदी असेल तर रिपोर्ट विक्रेत्याशी संबंध नसलेल्या लॅबचा हवा. रिपोर्टवरचं वजन आणि मिलिमीटरमधली मापं तुमच्यासमोर खड्याशी ताडून बघा, रिपोर्ट नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून बघा. दुकानाचं स्वतःचं सर्टिफिकेट किंवा किमतीचा अंदाज लिहिलेला कागद म्हणजे लॅब रिपोर्ट नव्हे. आणि कानातल्या बारीक बारीक खड्यांचे रिपोर्ट काढत बसू नका, रिपोर्टचा खर्च खड्याहून जास्त होईल.

प्रश्न: घरी लूप, म्हणजे जवाहिऱ्याचं भिंग, आहे दहा पटींचा. स्वतः काही तपासता येईल?

उत्तर: येईल, थोडं. खडा हळूहळू हलवत बघा. काच भरलेल्या माणकात चिरेवर निळा किंवा नारिंगी झगमगाट अचानक चमकून जातो, आणि आत गोल चपटे बुडबुडे दिसतात. मोत्यात भोकाजवळ रंग साठलेला दिसला तर रंगवलेला. कोटिंग केलेल्या रंगीबेरंगी टोपाझच्या कडांवर ओरखडे दिसतात. हीट, बेरिलियम, हिऱ्यांवरचा दाब, हे लूपने कळत नाही, तिथे अंदाज बांधू नका. आणि तापवलेली सुई टोचून बघणं, अॅसिटोन लावणं, असले व्हिडिओ बघून केलेले प्रयोग अजिबात नकोत, चांगला खडा खराब होईल.

प्रश्न: जेड, फिरोजा आणि मोत्यांबद्दल पण सांगा ना प्लीज.

उत्तर: जेडाइटला ए, बी, सी असे प्रकार आहेत. ए म्हणजे वरून फार तर मेण, बी म्हणजे अॅसिडने धुऊन आत प्लास्टिकसारखं रेझिन भरलेलं, सी म्हणजे रंगवलेलं, आणि बी प्लस सी म्हणजे दोन्ही. दागिना पिढ्यान्‌पिढ्या ठेवायचा असेल तर फक्त ए. फिरोजा मुळात सच्छिद्र, म्हणून बहुतेक वेळा रेझिन भरून घट्ट केलेला असतो, ते ठीक आहे, सांगितलं पाहिजे एवढंच. हाउलाइट नावाच्या स्वस्त पांढऱ्या खनिजाला निळा रंग देऊन फिरोजा म्हणून विकतात त्यापासून सावध. मोती ब्लीच करणं इतकं नेहमीचं आहे की त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण काळा किंवा सोनेरी मोती घेताना रंग नैसर्गिक की दिलेला हे नक्की विचारा, ताहितीच्या काळ्या ओठाच्या शिंपल्यातला मोती मुळातच गडद असतो.

प्रश्न: आजीकडून आलेले दागिने आहेत, खडे कसले काहीच माहीत नाही, रिपोर्ट नाहीत. दुरुस्तीला द्यायचे आहेत. काय काळजी घेऊ?

उत्तर: प्रत्येक खडा ट्रीटमेंट केलेलाच आहे असं समजून वागा. सोनाराला काम सुरू करायच्या आधी सांगा की खडे काढून मगच ज्योत लावायची, आणि तो नाही म्हणाला तर दुसरा बघा. अॅसिडच्या भांड्यात खड्यासकट दागिना टाकू देऊ नका. खडे काढलेले असतानाच ते लॅबमध्ये पाठवायची सगळ्यात चांगली वेळ असते, कोंदणातून काढलेल्या खड्याची तपासणी जास्त नीट होते, वजनही अचूक मिळतं. सगळे नको, जे मोठे आणि चांगले दिसतात ते दोनतीन पाठवा. काम झाल्यावर सोनाराकडून खडे परत बसवून घ्यायच्या आधी प्रत्येकाचा फोटो आणि वजन स्वतःजवळ लिहून ठेवा.